बर्फाच्या तोंडावर: हाकोदाते, आओमोरी आणि हिरोसाकी

साप्पोरो सोडलं तेव्हा नोव्हेंबर नुकता लागला होता. जपानच्या उत्तर टोकाच्या होक्काइदो बेटाचं मोठं फिरणं उरकलं होतं. आता खाली उतरत उतरत तोक्यो गाठायचं आणि घरी यायचं, एवढंच उरलं होतं. खरं सांगायचं तर या शेवटच्या टप्प्याकडून मी फारशी आशा ठेवली नव्हती. लाल पानांचा बहर ओसरत आलेला, बर्फ अजून पडायचा होता. सहलींच्या जाहिरातींत या दिवसांना कोणी विचारत नाही. पण उत्तर जपानातली माणसं याच दिवसांत कामाला जुंपलेली असतात, आणि त्यांची ती लगबग बघायला मिळाली हे आमचं नशीब.

आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि सासूबाई. आई रत्नागिरीच्या, आणि गेली काही वर्षं माळकरी. माळ घालण्यापूर्वी त्यांच्या हातच्या तिखल्याला अख्ख्या पाखाडीत तोड नव्हती. आता मासळी बंद. पण पारख गेलेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

सोमवार: साप्पोरो ते हाकोदाते

'होकुतो' एक्सप्रेसला पावणेचार तासांच्या आसपास लागतात. हाकोदातेकडे जाताना डावीकडच्या खिडक्या मागून घ्या. समुद्र त्याच बाजूला येतो. मधूनमधून झाडी आणि गोदामं आडवी येतात, मग उचिउरा खाडीच्या काठाने गाडी बराच वेळ पाण्याला चिकटून धावते. शेवटाला कोमागाताके हा शेंडा तुटलेला ज्वालामुखी दिसतो. त्या दिवशी त्याच्या माथ्यावर पांढरं काहीतरी भुरभुरलेलं होतं.

हाकोदातेची ख्याती रात्रीच्या देखाव्यासाठी. शहराच्या टोकाला ३३४ मीटर उंचीचा डोंगर आहे, रोपवेने वर जायचं आणि खाली पसरलेले दिवे बघायचे. आम्ही हॉटेलात सामान टाकलं आणि निघालो, तर वाऱ्यामुळे रोपवे थांबवलेला. वारा साधासुधा नव्हता. रस्त्यावर छत्री उघडायची कोणाची छाती नव्हती. काउंटरवरच्या मुलीने आमची तोंडं बघितली आणि नकाशावर ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर बोट ठेवलं: याचिगाशिरा. तिथे गावकऱ्यांचं गरम पाण्याचं स्नानगृह आहे. थंडी वाजतेय ना, तिकडे जा, असं तिचं म्हणणं.

आईंना आधी नीट कल्पना दिली नव्हती, हे कबूल. आत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की इथे सगळ्या बायका अंगावर सूत न ठेवता वावरतायत. "अगं, मी बाहेर बसते, तू ये जाऊन," म्हणाल्या. पाच मिनिटं खरंच बाहेर बसल्या. मग सत्तरी ओलांडलेल्या दोन आजीबाई गप्पा मारत आत शिरल्या, आपल्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही हे आईंनी पाहिलं, आणि "आता आलेच आहे तर" म्हणत उठल्या.

पाणी तांबूस, गढूळ. लोहामुळे तसा रंग येतो. हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नाहीत, आणि आईंच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. आधी बसक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंग धुवायचं, मगच कुंडात उतरायचं. बाहेर उघड्यावर ताऱ्याच्या आकाराचं कुंड आहे. शहरातल्या गोर्योकाकू किल्ल्याचा आकार तोच. वारा डोक्यावरून घोंघावत होता आणि आम्ही गळ्यापर्यंत कढत पाण्यात.

कपडे बदलायच्या खोलीत त्या आजींपैकी एकीने आईंच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बोट दाखवलं. आईंनी हात जोडून दाखवले. देवाचं आहे, एवढंच. आजींनी पिशवीत हात घातला आणि जांभळ्या कापडी बटव्यातून आपली जपमाळ काढली. मग आरशावर धरलेल्या वाफेवर बोटाने आकडे लिहिले: १०८. आईंनी जोरजोरात मान हलवली. त्यानंतर दहा मिनिटं दोघी एकमेकींशी बोलत होत्या, एक मराठीत आणि एक जपानीत. काय बोलल्या ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण निघताना आजींनी आईंच्या हातात आल्याच्या गोळ्यांची पुडी कोंबली होती.

जाणाऱ्यांसाठी: अशा स्नानगृहांत टॉवेल आणि साबण बरेचदा आपला आपणच न्यायचा असतो. तिकीट यंत्रातून घ्यायचं. लहान टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. रोपवेच्या भरवशावर एकच संध्याकाळ ठेवू नका. वाऱ्याचा भरवसा नाही, शिवाय शरदात देखभालीसाठीही तो काही दिवस बंद असतो.

मंगळवार: मासळीबाजारात माळकरी

हाकोदातेचा सकाळचा बाजार स्टेशनच्या दारातच भरतो. पहाटे पाचला दुकानं उघडू लागतात आणि दुपारी उशिरा जाल तर अर्धा बाजार आवरलेला असतो. आम्ही साडेसहाला पोचलो. आई मासळी खात नाहीत, पण नुसतं बघायला कोणाची बंदी? गल्ल्यांतून त्या अशा फिरल्या की दुकानदारही सावध झाले. कल्ले वर करून बघ, डोळ्यातली चमक बघ, पोटावर बोट दाबायचा मोह आवर. एका दुकानापाशी थांबून हळूच म्हणाल्या, "हा कालचा आहे." शेजारच्या पाटीवर किंमत उतरवलेली होती.

बाजाराच्या मधोमध एक टाकी आहे. त्यात जिवंत माकूल सोडलेले असतात. तुम्ही गळ टाकून आपला आपण पकडायचा, आणि तो तिथल्या तिथे कापून मिळतो. जिवंत माकूल इतका पारदर्शक असतो हे मला ठाऊक नव्हतं. काचेच्या नळीत कोणी तपकिरी ठिपके फिरवावेत तसे त्याच्या अंगावर रंग येत-जात होते. नवऱ्याने गळ ओढला आणि माकलाने मरता मरता त्याच्या चष्म्यावर पाण्याची पिचकारी मारली. टाकीभोवतीचे सगळे हसले, बहुधा रोजच हसत असावेत. कापणाऱ्या काकांचे हात मिनिटभर चालले असतील. पांढऱ्या दोरीसारखे काप, बाजूला किसलेलं आलं, आणि सोंडा अजून वळवळत. आईंनी पाठ फिरवली, पण पाठमोऱ्याच विचारलं, "गोड आहे ना रे?" गोड होता.

गेल्या काही वर्षांत हाकोदातेच्या समुद्रात माकूल फार कमी मिळतो. ज्या गावाने माकलाला आपली खूण मानलं तिथेच आता त्याचा भाव रोज फळ्यावर नव्याने लिहितात, आणि मिळालाच नाही तर टाकी बंद. त्यामुळे मनाची तयारी ठेवून जा. नवऱ्याने पुढे भातावर सामन माशाची गाबोळी आणि होताते नावाचा मोठा शिंपला, असा वाडगाभर नाश्ता केला. माझाही झाला, लपवत नाही.

आईंचं खाणं हा या प्रवासातला रोजचा प्रश्न होता. भाज्यांचं सूप म्हणून जे समोर येतं त्यात सुक्या माशाचं पाणी, म्हणजे दाशी, असतंच असतं. सोबा नूडल्सबरोबरची चटणीसुद्धा त्याचीच. पण हाकोदाते हे कोंबूचं गाव. कोंबू म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, जपानचा जवळजवळ सगळा कोंबू होक्काइदोच्या किनाऱ्यावरून येतो, आणि याचंही दाशी होतं, निव्वळ शाकाहारी. एका दुकानात हातभर लांबीच्या काळ्या पट्ट्या गवताच्या पेंढ्यांसारख्या बांधून ठेवल्या होत्या. दुकानातल्या बाईंनी एक पट्टी कापून गरम पाण्यात घातली, चिमूटभर मीठ टाकलं आणि आईंना पेला दिला. आईंनी दोन घोट घेतले, विचार केला, आणि पाव किलो बांधून घेतला. ठाण्याला आल्यापासून आमची आमटी जरा वेगळी लागतेय.

शाकाहारी मंडळींनी हे वाक्य कागदावर लिहून घेऊन जावं: "निकु तो साकाना वा ताबेमासेन, साकाना नो दाशी मो दामे देस." मांस-मासे खात नाही, माशाचं दाशीसुद्धा चालत नाही. जपानी लिपीत लिहून दाखवलंत तर आणखी उत्तम. छोट्या दुकानांतली भाजलेली रताळी, साधा भात, उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेले भाताचे त्रिकोण आणि फळं, यावर दिवस निघतो. पाकिटावर काय घातलंय ते मात्र फोनमधल्या भाषांतराने वाचून घ्यावं.

दुपारी गोर्योकाकू. वरून बघितल्याशिवाय हा किल्ला कळत नाही, म्हणून शेजारी १०७ मीटरचा मनोराच उभारलाय. शोगुनशाहीच्या, म्हणजे जपानच्या जुन्या लष्करी राजवटीच्या, शेवटच्या वर्षांत युरोपीय धर्तीवर बांधलेला पाच टोकांचा किल्ला, आणि १८६९ मध्ये शोगुनच्या बाजूने लढणाऱ्यांचा शेवटचा पराभव इथेच झाला. खंदकात पडलेली पिवळी पानं सुंदर होती. बाकी शाळेच्या सहलींची गर्दी फार.

संध्याकाळी वारा पडला. सूर्य साडेचारच्या आतच मावळतो, तेव्हा चारच्या ठोक्याला रोपवेच्या रांगेत होतो. वरून दिसतं ते असं: दोन्हीकडे काळा समुद्र आणि मधे कमरेशी आवळल्यासारखा दिव्यांचा पट्टा. हा डोंगर मुळात बेट होता. वाळू साचत साचत ते मुख्य भूमीला जोडलं गेलं आणि त्या वाळूवर शहर वसलं. देखावा म्हणाल तर नावाजलेला आहे तसाच आहे. पण पहिल्या रांगेत जागा मिळवायला कोपरं वापरावी लागतात, आणि थंडी हाडात शिरते. मला विचाराल तर आदल्या संध्याकाळचं याचिगाशिरा मी यापेक्षा वरचं मानेन.

बुधवार: समुद्राच्या पोटातून

हाकोदातेहून लोकल पकडून शिन-हाकोदाते-होकुतो, आणि तिथून 'हायाबुसा' शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन. मोठ्या बॅगा आम्ही आदल्या दिवशीच कुरिअरने तोक्योच्या हॉटेलवर पाठवल्या होत्या. हे प्रत्येकाने करावं. खर्च होतो, पण पुढचे दिवस पाठीवरच्या पिशवीवर निघतात.

होक्काइदोला जपानच्या मुख्य बेटाशी जोडणारा सेइकान बोगदा ५३.८५ किलोमीटर लांब आहे आणि त्यातले २३.३ किलोमीटर समुद्राच्या तळाखालून जातात. त्याआधी इतके छोटे बोगदे येतात की प्रत्येक वेळी आम्ही "हाच, हाच!" करत राहिलो आणि गाडी पुन्हा उजेडात आली. खरा बोगदा येतो तेव्हा काही विशेष घडत नाही. काचेवर दमटपणा धरतो, कानात थोडं दडपतं, बस्स. मालगाड्याही याच बोगद्यातून जातात. त्यांचे रूळ अरुंद आणि शिंकानसेनचे रुंद, म्हणून खाली दोनाऐवजी तीन रूळ टाकलेत.

१९५४ च्या सप्टेंबरमध्ये वादळात तोया मारू ही फेरीबोट हाकोदातेजवळ बुडाली आणि हजाराहून जास्त माणसं गेली. बोगद्याची कल्पना आधीपासून होती, पण त्या रात्रीनंतर तिला जोर चढला. तो सुरू झाला १९८८ मध्ये. बांधताना ३४ कामगार दगावले. नवरा हे वाचून दाखवत असताना आईंनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपल्या, तर ओठ हलत होते.

आओमोरीत उतरलो तर पाऊस. स्टेशनजवळच 'वा रासे' हे नेबुता संग्रहालय आहे, तिथे शिरलो. दरवर्षी २ ते ७ ऑगस्टला इथे नेबुता उत्सव होतो. लाकूड आणि तारेच्या सांगाड्यावर कागद चिकटवून, आतून दिवे लावून केलेल्या प्रचंड आकृत्या रस्त्यावरून फिरतात. नऊ मीटर रुंद, पाच मीटर उंच. प्रत्यक्ष उत्सवात फिरलेल्याच आकृत्या इथे आणून ठेवतात. जवळ जाऊन बघा: रंग एकमेकांत ओघळू नयेत म्हणून आधी वितळलेल्या मेणाने रेघा ओढलेल्या असतात, आणि मेण लागलं त्या जागेतून उजेड जास्त फाकतो. राक्षसाच्या एका डोळ्यात मला अशी बारीक मेणाची नक्षी दिसली, जी रस्त्यावरून जाताना कोणाच्याही नजरेस पडणार नाही. पुढच्या वर्षी सगळं मोडून पुन्हा नवं.

गुरुवार: ओइरासे, आणि पहिला बर्फ

आओमोरी स्टेशनहून तोवादा सरोवराकडे बस जाते, हाक्कोदा डोंगर ओलांडून. नोव्हेंबरात ही बस हंगामापुरती बंद होते आणि घाटाचा वरचा रस्ताही नोव्हेंबरअखेर ते मार्चअखेर बर्फामुळे बंदच असतो. तेव्हा तारखा बघूनच बेत करा. आमची बस जवळपास रिकामी होती.

शहरातून बाहेर पडताना आईंनी विचारलं, "इथले सिग्नल उभे का?" खरंच, तिन्ही दिवे एकाखाली एक. आडव्या सिग्नलवर बर्फ जास्त साचतो, म्हणून. घाटात रस्त्याच्या कडेला उंच खांब आणि त्यांवर खाली तोंड केलेले लाल-पांढरे बाण लागले. बर्फाखाली रस्ता गडप झाला की कड कुठे आहे ते या बाणांवरून कळतं. बाण माझ्या डोक्याच्या किती वर होते ते बघितलं आणि मी मुकाट्याने मफलर आवळला.

सुकायूला बस थांबली तेव्हा पावसाचं रूपांतर होऊ लागलं होतं. आधी काचेवर टपटप, मग तोच आवाज बंद आणि काहीतरी तरंगत खाली येतंय. सुकायू हे जुनं गरम पाण्याचं ठिकाण, हिबा लाकडाच्या प्रचंड स्नानगृहासाठी प्रसिद्ध. २०१३ च्या फेब्रुवारीत इथे ५६६ सेंटीमीटर बर्फ साचल्याची नोंद आहे. पुरुष-बायका एकत्र स्नान करतात, बायकांसाठी वेगळी वेळही असते, पण आईंना मी त्यातलं काहीही विचारलं नाही. बाहेर दोघं जण इमारतीच्या खालच्या खिडक्यांवर फळ्या ठोकत होते. एक जण फळी धरत होता, दुसरा तोंडात खिळे धरून हातोडी मारत होता. आई खिडकीतून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "यांची आगोट चाललीय." मिरच्या-मसाले करून ठेवा, लाकडं भरा, झापं लावा, पाऊस सुरू झाला की चार महिने बाहेर पडायची सोय नाही, हे ज्यांनी उभ्या आयुष्यात केलंय त्यांना ते फळ्या ठोकणं समजावून सांगायला लागलं नाही.

ओइरासे हा तोवादा सरोवरातून निघणारा ओढा, नेनोकुचीपासून १४ किलोमीटर दाट रानातून वाहतो. पाऊलवाट थेट पाण्याच्या काठाने. शक्यतो प्रवाहाच्या उलट, सरोवराकडे चालत जा, म्हणजे पाणी समोरून येताना दिसतं. आम्ही आईंना झेपेल तेवढंच चाललो, उरलेलं बसने. पानं बहुतेक गळून गेली होती. पण त्यामुळेच शेवाळ दिसत होतं. खडकांवर, पडक्या खोडांवर, प्रवाहाच्या मधोमध उभ्या दगडांवर. सरोवराच्या तोंडाशी पाण्याची पातळी दारांनी सांभाळतात, पूर सहसा येत नाही, म्हणून हे शेवाळ वाहून जात नाही.

वाटेत चोशी ओताकी हा रुंद धबधबा लागतो. उंची सात मीटरच, पण त्यामुळे मासे वर चढू शकत नव्हते आणि तोवादा सरोवरात मासाच नव्हता. वाइनाई सादायुकी नावाच्या माणसाने त्यात मासे वाढवायचा ध्यास घेतला, वर्षानुवर्षं हात पोळून घेतले, आणि १९०३ मध्ये होक्काइदोतून आणलेल्या हिमेमासूची पिल्लं सोडली. १९०५ मध्ये ते मासे मोठे होऊन काठाला परत आले. नेनोकुचीच्या टपरीवजा हॉटेलात तोच हिमेमासू मीठ लावून काडीवर भाजून मिळाला. आईंनी शेजारी बसून थर्मासमधला चहा घेतला आणि काटे कसे काढायचे ते आम्हाला सांगितलं.

शुक्रवार: हिरोसाकीची सफरचंदं

आओमोरीहून हिरोसाकी लोकलने पाऊण तास. डावी-उजवीकडे सफरचंदाच्या बागा, आणि आकाश उघडलं तर १६२५ मीटर उंच इवाकी डोंगर. त्या दिवशी उघडलं होतं. माथा आता पुरता पांढरा.

जपानातली निम्म्याहून जास्त सफरचंदं एकट्या आओमोरी प्रांतात होतात. आपल्या बाजारात 'फुजी' म्हणून जे मिळतं त्याचा जन्म इथलाच, जवळच्या फुजिसाकी गावच्या संशोधन केंद्रातला. गावाबाहेर पालिकेचं सफरचंद उद्यान आहे. ऐंशीच्या आसपास वाणं, हंगामात स्वतः तोडून वजनावर पैसे द्यायचे. तिथे गेलोच, पण खरी गंमत परतीच्या वाटेवर झाली.

एका बागेत एक म्हातारं जोडपं तोडणी करत होतं. तीन पायांची शिडी, कमरेला टोपली. झाडाखाली जमिनीवर चंदेरी चादरी अंथरलेल्या, इतक्या लखलखीत की डोळे दिपावेत. आई कुंपणाशी थांबल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "विचार ना, हे खाली काय घातलंय?" फोनमधल्या भाषांतरावर विचारलं. आजोबा शिडीवरून उतरले, हातमोजे काढले आणि दाखवायला लागले. वरून ऊन लागलं की फळाची वरची बाजू लाल होते, खालची हिरवी राहते. म्हणून खालून उजेड परतवायला चादरी. फळावर सावली पाडणारी पानं एकेक करून हाताने खुडायची. आणि तेवढ्याने भागत नाही, म्हणून झाडावरच प्रत्येक फळ हळूच फिरवून त्याची पाठ उन्हाकडे करायची. प्रत्येक. त्यांनी एका फळाला दोन बोटांनी धरून देठ न तोडता कसं वळवायचं ते दाखवलं. मी करायला गेले तर त्यांच्या बायकोने पटकन माझा हात धरला.

काही फळांना लहानपणी कागदी पिशव्याही घालतात, हे ऐकल्यावर नवऱ्याने फोनमध्ये मामांच्या बागेतले फोटो शोधून काढले. रत्नागिरीची कलमं, हापूसला घातलेल्या कागदी पिशव्या. आजोबांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला, फोटो मोठा केला. पिशवीचं तोंड कशाने बांधता, हा त्यांचा पहिला प्रश्न. मग झाडाचं वय, मग मजुरी. अर्धा तास उभ्याउभ्या शेती झाली. इथेही तरुण शहराकडे जातात, तोडणीला माणसं मिळत नाहीत, आणि जानेवारीत कंबरभर बर्फात शिडी लावून छाटणी करायची असते. १९९१ च्या सप्टेंबरातल्या तुफानाचा विषय निघाला तेव्हा आजींनी नुसता हात जमिनीकडे नेला. सगळं खाली. तोडणीच्या तोंडावर बहुतेक फळ गळून पडलं होतं. त्या वर्षी झाडावर तगून राहिलेली थोडी सफरचंदं 'न पडणारी सफरचंदं' म्हणून परीक्षेला बसणाऱ्या मुलांना चढ्या भावाने विकली गेली, ही गोष्ट आता सगळ्या जपानला माहीत आहे.

आजोबांनी खिशातल्या सुरीने एक फुजी कापलं. गाभ्याभोवती मेण लावल्यासारखा अर्धपारदर्शक पिवळसर भाग. त्याला इथे मध म्हणतात, आणि असं फळ झाडावर पूर्ण पिकल्याची खूण मानतात. चावल्यावर आधी आवाज, मग रस. पैसे काढले तर आजींनी पाकीट ढकलून परत खिशात घातलं. आईंनी मग आपल्या पिशवीतून आंबापोळीचं पाकीट काढलं, जे त्या सगळ्या प्रवासात कोणाला हात लावू देत नव्हत्या. आजोबांनी तिथेच तुकडा तोडून खाल्ला, मामांच्या फोटोकडे बोट दाखवून विचारलं, "हेच?" हो, हेच.

सूचना: ताजी फळं बॅगेत घालून भारतात आणू नका, वनस्पती-क्वारंटाइनचे नियम आड येतात. वाळवलेले काप, रस, वड्या भरपूर मिळतात. आणि हिरोसाकीत 'अॅपल पाय' विकणाऱ्या दुकानांचा स्वतंत्र नकाशाच पर्यटन कार्यालयात मिळतो. अंडं चालत नसेल तर आधी विचारा.

रात्री त्सुगारू शामिसेन ऐकलं. जाड दांडीचं तीन तारांचं वाद्य, आणि हातातल्या मोठ्या पट्टीने तार छेडतानाच चामड्यावर असा फटका मारतात की ठेका वेगळा लागतच नाही. एके काळी अंध वादक दारोदार हे वाजवत हिंडायचे. ताकाहाशी चिकुझान हे त्या परंपरेतले, पुढे मोठ्या सभागृहांत पोचलेले वादक. आईंचा हात मांडीवर आपोआप ताल धरत होता. वाद्यावर बहुतेक कुत्र्याचं कातडं ताणतात, ही माहिती नवऱ्याने त्यांना अजून दिलेली नाही.

शनिवार: किल्ला आणि परत

सकाळी हिरोसाकीचा किल्ला. जपानात मूळ स्वरूपात टिकलेले बाराच बालेकिल्ले आहेत, त्यातला हा एक, १८१० चा, तीन मजली. खालचा दगडी तट फुगून बाहेर आला म्हणून २०१५ मध्ये सगळी इमारत उचलून सुमारे ७० मीटर आत सरकवली, आणि आम्ही गेलो तेव्हा ती तिथेच होती. एप्रिलअखेरीस इथे चेरीच्या फुलांसाठी झुंबड उडते. या चेरींची छाटणी सफरचंदाच्या छाटणीच्या पद्धतीने करतात, म्हणून एकेका फांदीला फुलं दाट येतात म्हणे. आता मात्र माळी पाइनच्या झाडांना दोर बांधत होते: मधे उंच बांबू, त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीला एक दोर, बर्फाच्या ओझ्याने मोडू नये म्हणून. एक माळी वर, एक खाली, वरचा ओरडायचा आणि खालचा दोर ताणायचा. आई तिथून हलायला तयार नव्हत्या, शेवटी गाडीची वेळ दाखवावी लागली.

हातात आणखी अर्धा दिवस असता तर कोनान रेल्वेने कुरोइशीला गेलो असतो. तिथे जुन्या गल्लीत दुकानांपुढे लाकडी पडव्या आहेत, हिवाळ्यात बर्फात न उतरता चालता यावं म्हणून. तुम्ही वेळ ठेवा.

पूर्व जपान आणि दक्षिण होक्काइदोचा सहा दिवसांचा रेल्वे पास त्याच दिवशी संपत होता. शिन-आओमोरीहून तोक्यो सव्वातीन तास. या मार्गावर मोठ्या बॅगांसाठी वेगळं आरक्षण लागत नाही, तो नियम तोक्योहून ओसाका आणि त्यापुढे जाणाऱ्या शिंकानसेनला. आसनं मात्र सगळी आरक्षित, पास असला तरी आधी नोंदवून घ्या.

मोरिओका सोडल्यावर नवऱ्याने हिरोसाकी स्टेशनवरून उचललेलं पत्रक उलगडलं. त्सुगारू रेल्वेची स्टोव्ह ट्रेन, १ डिसेंबर ते ३१ मार्च, गोशोगावाराहून सुटते. डब्यातच कोळशाची शेगडी, आणि तिच्यावर सुका माकूल भाजून देतात. पुढच्या वेळी जानेवारीतच यायचं, त्याने जाहीर करून टाकलं.

"बंद डब्यात माकूल भाजणार, आणि मी त्याचा वास घेत बसणार?" आई म्हणाल्या. "तुम्ही दोघं या जाऊन. मला त्या सफरचंदवाल्यांकडे सोडा. छाटणीच्या वेळी शिडी धरायला त्यांना माणूस हवाच आहे."